एक्केचाळीस नंबरचा दगड: अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतल्या सर्व मराठी मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सभासद यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळाची सहल काउंटीच्या बागेत झाली. तुमचीही अशीच होत असेल. शेड महिनाभर आधी बुक करायचं, कुणी मिसळीचा कट आणायचा, कुणी पाव, कुणी फरसाण. माझ्याकडे मठ्ठा होता. कूलर ठेवायला सपाट जागा दिसेना, म्हणून मी तो कुंपणाजवळच्या एका बसक्या दगडावर ठेवला. मुलं लगोरी खेळत होती, बायका पंगतीची तयारी करत होत्या, कूलर दोन तास तिथंच होता. आवरताना तो उचलला, तर खाली पाणी झिरपून दगड ओला झाला होता आणि त्या ओलीत एक आकडा उमटून दिसत होता. ४१. मी शेजारचं गवत हातानं बाजूला केलं. ४२. पुढं ४३.

मी कूलर ठेवला होता एका थडग्यावर.

त्या संध्याकाळपासून मला हे पत्र लिहायचं होतं. आमच्या मंडळाच्या बैठकीत मी हा विषय मांडला, सगळ्यांनी आस्थेनं ऐकला. पण हा एकट्या आमच्या बागेचा प्रश्न नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे. तुमच्या गावातही अशी जागा असणार. कदाचित तुम्ही रोज तिच्यावरून गाडी नेत असाल.

ती बाग म्हणजे पूर्वीचं आमच्या काउंटीचं ‘पुअर फार्म’. मराठीत गरीबघर म्हणावं, पण तेवढ्यानं भागत नाही, कारण घराबरोबर शेत होतं आणि ते शेत हाच या कल्पनेचा गाभा होता. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि सुपरवायझरांचं बोर्ड म्हणजे आपली जिल्हा परिषद. या बोर्डानं सरकारी पैशानं शेत विकत घ्यायचं, त्यावर मोठं घर बांधायचं, एका शेतकरी जोडप्याला पगारावर नेमायचं. नवरा स्टुअर्ड, बायको मेट्रन. आणि काउंटीत ज्याला कुणी नाही, ज्याच्या हातून काम होत नाही, ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याला तिथं आणून ठेवायचं. म्हातारे, अंध, पांगळे, वेडसर, दिवस गेलेल्या आणि नवऱ्यानं टाकलेल्या बायका, पोरकी मुलं, हिवाळ्यात काम सुटलेले शेतमजूर. सगळे एका छपराखाली. ज्यांच्या अंगात बळ आहे त्यांनी शेतात राबायचं, बायकांनी धुणी, शिवण, स्वयंपाक करायचा आणि घराचा खर्च शेतातूनच निघायचा, असा हिशेब होता.

हा हिशेब आला कुठून तेही सांगते, कारण सुरुवात दयेतून झाली होती आणि ते विसरून चालणार नाही. इंग्लंडात १६०१ साली गरिबांचा कायदा झाला. गावानं आपल्या गरिबाला पोसावं आणि त्यासाठी कर बसवावा, हे त्याचं मूळ सूत्र. वसाहतींबरोबर ते अमेरिकेत आलं. ‘आपला’ गरीब म्हणजे कोण, हा वाद लगेच सुरू झाला, आणि परगावचा कफल्लक माणूस दिसला की त्याला हद्दीबाहेर काढायची रीत पडली. जे गावचेच होते, त्यांच्यासाठी बऱ्याच ठिकाणी लिलाव व्हायचा. हा लिलाव उलटा होता. बोली वर चढायची नाही, खाली उतरायची. या म्हातारीला वर्षभर जो सर्वांत कमी पैशांत पोसायला तयार होईल, त्याच्या हवाली म्हातारी. तो तिला काय खायला घालणार आणि तिच्याकडून किती काम काढणार, हे तुम्हीच ताडा.

१८२४ साली न्यूयॉर्क राज्याचे सचिव जॉन येट्स यांनी या प्रकाराची पाहणी करून विधिमंडळाला अहवाल दिला. लिलावात गेलेल्यांची आबाळ होते, त्यांना छळलं जातं, हे त्यांनी सरकारी कागदावर आणलं आणि प्रत्येक काउंटीनं शेतीसह एक घर बांधावं अशी शिफारस केली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये तसा कायदा झाला. नंतर जसजशी वस्ती पश्चिमेला सरकत गेली तसतशी ही घरंही सरकली. न्यायालय, तुरुंग आणि पुअर फार्म या तीन गोष्टी झाल्या की काउंटी झाली, अशी स्थिती होती.

आमच्या आयोवात ९९ काउंट्या आहेत. आयोवा सिटीत जे मराठी विद्यार्थी आणि डॉक्टर आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते: तुमच्या जॉन्सन काउंटीनं १८५५ साली गावाच्या पश्चिमेला १६० एकर जमीन घेतली. इथल्या मोजणीत ६४० एकरांचा एक सेक्शन, त्याचा हा पाव हिस्सा. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं मनोरुग्णांसाठी एक लाकडी इमारत उभी राहिली. आत कोठड्या. माउंट प्लेझंटचं राज्याचं मनोरुग्णालय १८६१ मध्ये सुरू झालं होतं, पण जे बरे होण्यातले नाहीत असं ठरायचं ते फिरून काउंटीच्याच गळ्यात पडायचे. ती इमारत अजून उभी आहे. काउंटीनं ती जमीन विकली नाही, इमारती दुरुस्त केल्या आणि आज तिथं छोटे शेतकरी आणि परदेशांतून आलेली कुटुंबं भाजीपाला पिकवतात. एकदा जाऊन या. मेलरोज अव्हेन्यूवरून रस्ता आहे. त्या कोठड्यांसमोर पाच मिनिटं उभं राहिलं की मी आता लिहिते आहे ते सगळं लिहायची गरज राहणार नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये डोरोथिया डिक्स नावाच्या बाई गावोगावची गरीबघरं आणि तुरुंग स्वतः पाहत फिरल्या आणि १८४३ मध्ये त्यांनी विधिमंडळाला निवेदन दिलं. माणसं पिंजऱ्यांत, तळघरांत, गोठ्यांत ठेवलेली, साखळ्यांनी बांधलेली, अंगावर कपडा नसलेली. त्यांनी गावांची नावं घेऊन लिहिलं. सगळीकडे असंच होतं असं मी म्हणणार नाही. काही घरांत पोटभर जेवण होतं, दूधलोणी होतं, मेट्रन मायेची होती, आणि बाहेर गोठून मरण्यापेक्षा तिथं बरं होतं. सगळा खेळ त्या एका जोडप्यावर आणि बोर्डाच्या खर्चाच्या ओढाताणीवर अवलंबून होता.

हेलन केलरच्या शिक्षिका ॲन सलिव्हन आपल्या पाठ्यपुस्तकांतून सगळ्यांना माहीत आहेत. पंपाखाली हात धरून हातावर ‘पाणी’ लिहिणाऱ्या. त्या स्वतः गरीबघरात वाढल्या. १८७६ मध्ये दहाव्या वर्षात असलेली ॲन, अर्धवट दिसणाऱ्या डोळ्यांची, आणि तिचा लहान भाऊ जिमी यांना मॅसॅच्युसेट्समधल्या ट्यूक्सबरीच्या गरीबघरात आणून सोडलं. ते काउंटीचं नव्हे, राज्याचं होतं, पण जात एकच. जिमी काही महिन्यांतच तिथं वारला. ॲन चार वर्षं राहिली. १८८० मध्ये पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांच्या पुढ्यात जाऊन तिनं मला शाळेत जायचंय म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं ती अंधांच्या शाळेत पोचली. त्या घरातून बाहेर पडलेली एक मुलगी आपल्याला ठाऊक आहे. ज्यांना त्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचता आलं नाही, त्यांचं काय?

शेताच्या उत्पन्नावर घर चालेल हा जो मूळ हिशेब होता, तो फार थोड्या ठिकाणी जुळला. कारण सरळ आहे. जो धडधाकट तो हिवाळा काढून वसंतात निघून जायचा. मागं राहायचे ते आजारी आणि म्हातारे. त्यांच्या बळावर मका कसा निघणार? मग स्टुअर्ड बाहेरचे गडी लावायचा आणि बोर्डाच्या बैठकीत खर्चावरून वादावादी व्हायची. तरी शेत सोडलं नाही. १९२० च्या दशकात केंद्र सरकारच्या कामगार खात्यानं मोजणी केली तेव्हा देशभर दोन हजारांहून जास्त गरीबघरं होती आणि त्यांच्या नावावर जवळजवळ साडेतीन लाख एकर जमीन होती.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते, कारण तिथंच हा विषय मला येऊन भिडला.

सहलीनंतर मी काउंटीच्या कचेरीत गेले. दफनाची वही आणि घराची जुनी नोंदवही त्यांच्याकडे आहे. पानांचे फोटो काढून घरी न्यायला परवानगी मिळाली. पण वाचता येईना. शाईनं लिहिलेलं, एकाला एक जोडलेलं, तिरकं इंग्रजी अक्षर. माझे सासरे, अण्णा, आमच्याकडेच राहतात. सातारा जिल्ह्यात उभी हयात त्यांनी रेकॉर्ड रूममध्ये काढली, मोडी वाचणारा माणूस. त्यांनी माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “आण इकडं. हात न उचलता लिहिलंय, एवढंच. आपल्या मोडीसारखंच आहे.” दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर भिंग, वही आणि अण्णा. दुपारची झोप गेली.

रकाने असे होते: नाव, वय, जन्म कुठला, कधी आला, कशामुळे आला, कधी गेला, कुठं गेला. जन्माच्या रकान्यात आयर्लंड, जर्मनी, बोहेमिया पुन्हा पुन्हा. कारणाच्या रकान्यात एक-दोन शब्द. म्हातारपण. आजार. वेड. दारू. बाळंतपण. एका ओळीत फक्त ‘गरीब’ एवढंच. अण्णा तिथं थांबले. “गं, हे कारण झालं का? सगळेच गरीब म्हणून आले ना?” शेवटच्या रकान्यात कुणी मुलीकडं गेला, कुणी पळून गेला, आणि बऱ्याच जणांपुढं ‘मयत’. जवळचे नातेवाईक हा रकाना बहुतेक पानांवर रिकामा होता. अण्णा म्हणाले, “आपल्याकडं सातबारा कोरा झाला की माणूस पेढे वाटतो. हा कोरा रकाना बघवत नाही.”

एका पानावर, मला नीट आठवतं तो बुधवार होता, अण्णांनी भिंग खाली ठेवलं आणि विचारलं, “हा शब्द आपल्या त्या कागदावर होता ना?”

शब्द होता ‘पब्लिक चार्ज’.

मंडळी, आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी आईवडिलांचं ग्रीन कार्ड केलंय, त्यांनी तो कागद भरला आहे. आय-८६४. माझं उत्पन्न गरिबीरेषेच्या १२५ टक्क्यांच्या वर आहे, ही व्यक्ती सरकारी मदतीवर आली तर भार माझा, अशी हमी. ती व्यक्ती नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या कामाच्या चाळीस तिमाह्या भरेपर्यंत ती हमी उतरत नाही. आम्ही अण्णांसाठी भरला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, कशाचा कागद? माझ्या नवऱ्यानं काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. अण्णा रेकॉर्ड रूममधले, त्यांनी पूर्ण वाचून घेतला आणि म्हणाले, “म्हणजे मी कुणाच्या गळ्यात पडणार नाही, असं तुम्ही लिहून देताय.”

हा शब्द पुअर फार्मच्या हिशेबातूनच आला आहे. ‘पब्लिक चार्ज’ म्हणजे ज्याचा खर्च काउंटीवर किंवा गावावर पडतो तो माणूस. १८५० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यानं गरीबघरांतल्या आयरिश माणसांना जहाजात बसवून परत लिव्हरपूलला पाठवलं. १८८२ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा झाला, आणि जो स्वतःचं पोट भरू शकणार नाही, सार्वजनिक भार होईल, त्याला बंदरावरूनच परत पाठवायची तरतूद त्यात आली. आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या त्या १८८३ च्या जूनमध्ये. कायद्याला वर्षही झालं नव्हतं. त्या फिलाडेल्फियात शिकत होत्या तेव्हा त्याच शहरात ब्लॉकलीचं प्रचंड मोठं गरीबघर चालू होतं. आपल्या इतिहासात आनंदीबाईंच्या जिद्दीची गोष्ट आहे, आणि ती असायलाच हवी. पण त्या ज्या देशात उतरल्या तो देश माणसाला दारात काय विचारत होता, हेही आपल्या मुलांना सांगायला हवं. तोच प्रश्न १४० वर्षांनी आपण आपल्या वडिलांच्या वतीनं सही करून सोडवतो.

म्हणून मला हे लोक परके वाटत नाहीत. नोंदवहीतला बोहेमियाचा एक ७१ वर्षांचा माणूस कुणाचा तरी अण्णा होता, फक्त त्याच्यासाठी कागदावर सही करायला कुणी नव्हतं.

दुसरा धागा माझ्या माहेरचा. मी सांगोल्याची. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी पाझर तलावाच्या कामावर होती. डोक्यावर पाटी, दुपारी सुकडी, संध्याकाळी मस्टरवर अंगठा. आजी त्या कामाबद्दल कधी लाजून बोलली नाही. तलाव दाखवायची, हा आम्ही बांधला म्हणायची. आता त्याच्या शंभर वर्षं आधीचा दुष्काळ घ्या, १८७६ ते ७८ चा. त्यात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर आणली होती. माणूस खरोखर उपाशी आहे की नाही हे पारखायला घरापासून दहा मैलांवरच्या कामावर जायची अटही घातली गेली होती. मदत इतकी कष्टाची आणि अपमानाची करायची की अगदी मरायला टेकलेलाच येईल, हा विचार लंडनहून निघाला होता. त्याच विचारानं आयोवातल्या शेतावर घर बांधलं आणि दख्खनच्या खडीवर माणूस बसवला. महाराष्ट्राची रोजगार हमी पुढं कायद्यानं हक्क म्हणून आली, १९७७ चा तो कायदा. माझ्या आजीचा ताठ कणा आणि नोंदवहीतला तो रिकामा रकाना यांत मला हाच फरक दिसतो: एकीला मागता येत होतं, दुसऱ्याला द्यायचं की नाही हे दुसरंच कुणी ठरवत होतं.

आणि तरी आपल्याकडं १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आजही आहेच. ज्याच्याजवळ उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही आणि जो रस्त्यावर फिरतो आहे, तोही त्या व्याख्येत बसतो. पहिल्यांदा एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तिथल्यापुरती या कायद्याची बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली. मंडळाच्या कट्ट्यावर ‘भिकाऱ्यांना उचलून शेतावर कामाला लावलं पाहिजे’ हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलंय, चांगल्या माणसांच्या तोंडून. त्यांना एवढंच सांगायचंय की हे शंभर वर्षं करून पाहिलेलं आहे, साडेतीन लाख एकरांवर.

मेल्यानंतरचंही लिहायला हवं. बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना द्यायचे कायदे एकामागून एक राज्यानं केले, मॅसॅच्युसेट्सनं १८३१ मध्ये, न्यूयॉर्कनं १८५४ मध्ये. बेवारस म्हणजे मुख्यतः गरीबघरातले. मिलवॉकीच्या मंडळींनो, तुमच्या काउंटीच्या गरीबघराची जमीन म्हणजे आज वॉवटोसातला रुग्णालयांचा मोठा परिसर. आपले किती डॉक्टर तिथं काम करतात! १९९१-९२ मध्ये बांधकामाच्या वेळी तिथं उत्खनन झालं आणि १,६४९ जणांचे अवशेष निघाले. काही हाडांवर करवतीच्या आणि विच्छेदनाच्या खुणा होत्या. शिकागोत डनिंगला १९८९ मध्ये घरांसाठी खोदताना दफनभूमी सापडली. तिथं ३८,००० च्या आसपास माणसं पुरलेली असावीत असा अंदाज आहे. १८७१ च्या आगीत मेलेले, ओळख न पटलेले लोकही त्यांत आहेत. नेपरव्हिल-व्हीटनची मंडळी ज्या काउंटी फार्म रोडवरून रोज जातात, त्या रस्त्याचं नाव कशावरून पडलं असेल असा प्रश्न मला स्वतःला तिथं आठ वेळा जाऊनही पडला नव्हता. ड्यूपेज काउंटीचं शेत होतं ते. बफलोत विद्यापीठाचं दक्षिण आवार गरीबघराच्या जमिनीवर आहे. मिलपिटासला एल्मवुडचा तुरुंग आहे तिथं सँटा क्लारा काउंटीचं गरीबघर होतं. पोर्टलंडजवळ ट्राउटडेलला १९११ चं गरीबघर आज हॉटेल आहे, लोक लग्नं लावायला जातात. इमारत वाचली याचा मला आनंदच आहे.

जिवंतपणी या लोकांना मताचा हक्कही बऱ्याच राज्यांत नव्हता. मॅसॅच्युसेट्सच्या घटनेतून मत नाकारायला वापरलेला ‘पॉपर’ म्हणजे कफल्लक हा शब्द निघाला १९७२ मध्ये, माझी आजी मस्टरवर अंगठा उठवत होती त्या वर्षी.

शेवट कसा झाला ते थोडक्यात. १९३५ च्या ऑगस्टमध्ये सोशल सिक्युरिटीचा कायदा आला. वृद्धांना रोख मदत मिळणार होती, पण सरकारी संस्थेत राहणाऱ्याला नाही, अशी अट मुद्दाम घातली, म्हणजे गरीबघरं रिकामी व्हावीत. म्हातारे बाहेर पडले आणि खासगी घरांत पैसे देऊन राहू लागले. आजच्या नर्सिंग होमची पाळंमुळं त्यात आहेत. काउंट्यांनी कुठं शेत विकलं, कुठं बाग केली, कुठं रस्ता काढला. दफनभूमीला वारस नव्हताच.

आता माझं मागणं.

पुढच्या सहलीआधी तुमच्या काउंटीचं पुअर फार्म कुठं होतं ते शोधून काढा. अवघड नाही. रेकॉर्डर किंवा ऑडिटरच्या कचेरीत जुने प्लॅट नकाशे असतात, त्यांवर जमिनीच्या चौकोनात मालकाच्या नावाच्या जागी ‘काउंटी फार्म’ किंवा ‘पुअर फार्म’ लिहिलेलं सापडतं. १८८० च्या जनगणनेत तर गरिबांची वेगळी पुरवणीच आहे, काय कारणानं, कुणाच्या खर्चानं, कुठं ठेवलाय ते सगळं. मग नोंदवह्या कुणाकडं आहेत ते विचारा. गावच्या इतिहास मंडळांत बहुधा दोन-तीन वयस्क माणसं सगळं सांभाळत असतात आणि त्यांना वाचायला हात हवे असतात. आपल्याकडं हात आहेत. हिवाळ्यात घरात कोंडून पडलेले आपले आईवडील आहेत, ज्यांनी आयुष्यभर खतावण्या, फेरफार, हजेरीपत्रकं वाचली. त्यांना आपण सकाळी टीव्ही लावून देतो आणि कामाला जातो. अण्णा त्या टेबलावर बसले आणि चार महिन्यांत त्यांच्या तोंडून एकदाही ‘इथं मी काय करतोय’ निघालं नाही. मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक समितीनं याचा विचार करावा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

काउंटीच्या बोर्डाच्या बैठका सार्वजनिक असतात. तिथं बहुतेक ठिकाणी कुणालाही काही मिनिटं बोलता येतं. आम्ही गेलो, अण्णा फेटा बांधून आले होते. आकड्यांच्या दगडांशेजारी नावांची एक पाटी लावावी, एवढं मागितलं. त्यांनी मान्य केलं, यादी तुम्ही द्या म्हणाले. यादी आम्ही देतो आहोत.

आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनो, यशस्वी उद्योजकांच्या मुलाखतींइतकीच जागा या विषयाला द्या. आपल्यातही नोकरी गेलेले, व्हिसा संपलेले, घर मोडलेले, आजारपणात सगळं घालवून बसलेले लोक आहेत. ते मंडळात यायचे बंद होतात आणि आपण ‘बरेच दिवसांत दिसले नाहीत’ म्हणून पुढं जातो. कारणाचा रकाना आपणही भरत असतो, नुसता मनात.

दफनाच्या वहीत १ ते ६७ आकडे आहेत. ५८ नावं अण्णांनी लावली. चाळीसाव्या दगडाखाली आयर्लंडची एक बाई आहे, बेचाळीसाव्याखाली तीन आठवड्यांचं मूल. एक्केचाळीसची ओळ पाण्यानं पुसली गेली आहे. वय वाचता येतं, ६८. जन्माच्या रकान्यातलं पहिलं अक्षर वाचता येतं. अण्णा अजून त्या पानावर आहेत. उन्हात धरून पाहतात, भिंग बदलून पाहतात.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊला आम्ही सात-आठ जण त्या कुंपणाशी असतो. दगडांना ब्रश आणि साधं पाणी लागतं, साबण किंवा ॲसिड लावायचं नाही. आसपासच्या मंडळांतून कुणी येणार असेल तर हातमोजे आणावेत, गवतात काटे आहेत. चहा मी आणते.

आपली,
आयोवातल्या एका मंडळाची सभासद